एका ताऱ्याची पुस्तकं

प्रेमाची कादंबरी निवडायची असेल तर पाच तारे देणाऱ्यांचं काही ऐकू नये. हे मी अनुभवाने सांगते. ती माणसं सगळी एकाच तोंडाने बोलतात. मनाला भिडली. एका बैठकीत संपवली. डोळे पाणावले. अहो, पण पुस्तकात आहे काय? ते कोणी सांगत नाही. खूश झालेल्या माणसाला तपशील आठवत नाहीत, वैतागलेल्याला सगळे आठवतात. एक तारा देणारा अगदी दात-ओठ खाऊन लिहितो की नायिकेच्या तोंडाला खळ नाही, नायक येता-जाता चहा पितो आणि अर्धं पुस्तक झालं तरी दोघांनी एकमेकांचा हातसुद्धा धरलेला नाही. मग आपल्याला कळतं. आपल्याला बडबडी नायिका आवडत असेल तर झालंच काम.

हे ज्ञान मला नोकरीने दिलं. गिझर आणि वॉशिंग मशिन दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार खिडकीवर मी बसते. काचेला एक गोल भोक आहे, त्यातून लोक ओरडतात. मी ऐकते, टाइप करते आणि शेवटी म्हणते, "तुमची तक्रार नोंदवली आहे. माणूस येईल." लोक विचारतात, कधी? मी म्हणते, येईल. वार सांगायचा नाही असा आमच्याकडे नियम आहे, कारण माणसं मोजकी आणि बिघडलेले गिझर पुष्कळ. त्यामुळे दुसऱ्या दिवशी तीच माणसं पुन्हा येऊन ओरडतात. पण एवढं ऐकून एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली. तक्रारीत माणसाला काय हवं होतं ते असतं. पाणी फार कढत येतं म्हणून भांडणाऱ्या बाईच्या घरात लहान मूल असतं. कौतुकात मात्र कौतुकाशिवाय काही सापडत नाही.

संध्याकाळी घरी पोचेपर्यंत माझे कान भरून गेलेले असतात. जिना चढताना कठड्याला धरून स्वतःला वर ओढावं लागतं. वर मावशी दिवा लावून खुर्चीत बसलेली असायची, मांडीवर वाचनालयाचं पुस्तक. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर तिला अक्षरं पोहताना दिसतात, म्हणून वाचायचं मी आणि ऐकायचं तिने. जेवण झालं की मी पुस्तक उघडायची. मी श्वास घ्यायला थांबले की ती म्हणायची, "हं. पुढे?"

माय मरो, मावशी जगो म्हणतात. आमच्याकडे ते अक्षरशः तसंच झालं. आई गेली तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. मावशी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, एकटी होती, आणि तिने मला तिच्या खोलीत आणून ठेवलं. मग ती एकटी राहिली नाही आणि तिचं लग्नही राहिलं. माझं एक झालं होतं. ते नव्याचे नऊ दिवस संपल्यावर मी परत आले, तेव्हा मावशीने काही विचारलं नाही, फक्त माझी उशी उन्हात टाकली. आता माझीही पन्नाशी उलटली आहे आणि आम्ही दोघी प्रेमाच्या कादंबऱ्या वाचतो. हसायचं असेल त्यांनी हसावं.

एकदाच आम्ही पाच ताऱ्यांना भुललो. अविस्मरणीय, असं झाडून सगळ्यांनी लिहिलं होतं. सगळं छान चाललेलं, आणि शेवट चार पानांवर आलेला असताना तो नायक मेला. बरं, मेला तो मेला, पण मरताना लांबलचक बोलला. मावशी दोन दिवस धड जेवली नाही. मला म्हणाली, "एवढे लोक वाचून गेले, एकालाही सांगावंसं वाटलं नाही?" तेव्हापासून आमच्या घरात कौतुक बंद. मी बसमध्ये उभ्या-उभ्या फोनवर एका ताऱ्याचे रिव्ह्यू शोधते आणि त्यातला उत्तम तो घरी येऊन वाचून दाखवते. आमचं सगळ्यात लाडकं पुस्तक असंच मिळालं. कोणीतरी चिडून लिहिलं होतं: 'नायक पहिल्यापासून शेवटपर्यंत एक होडी दुरुस्त करतो आणि नायिका शेजारी बसून बोलते. घटना शून्य.' मावशीने टाळी वाजवली. ते पुस्तक आम्ही इतक्यांदा आणलं की वाचनालयातली बाई आता न विचारताच काढून ठेवते.

किल्लीवाले आमच्या घरी आले ते मावशीच्या विसराळूपणामुळे. कोपऱ्यावरच्या जिन्याखाली त्यांचं दुकान आहे, दुकान कसलं, फळीच. आमचं दार ओढलं की आपोआप बंद होतं आणि मावशी किल्ली आत ठेवून बाहेर राहिली. त्यांनी येऊन दार उघडलं, मावशीने चहा दिला. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा बाहेर राहिली. मग पुन्हा. एक्स्चेंजमध्ये शेकडो नंबर तोंडपाठ असलेली बाई! किल्लीवाले म्हणाले, "मावशी, मी तुम्हाला आपोआप न लागणारं कुलूप बसवून देतो, त्रास वाचेल." मावशी म्हणाली, "राहू द्या हो. आहे ते बरं आहे." तेव्हाच मला समजायला हवं होतं. पण दिवसभर ऐकून दमलेलं माणूस घरी आल्यावर शब्दच ऐकतं, त्यामागचं ऐकायला त्राण लागतं.

एका संध्याकाळी मी पुस्तक उघडलं तर मावशीने त्यावर हात ठेवला.

"थांब जरा. किल्लीवाल्यांनी विचारलंय."

"काय विचारलंय?"

"काय विचारतात माणसं? त्यांच्याकडे येऊन राहाल का म्हणाले. रीतसर लग्न करून."

"मग? तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, विचार करून सांगते." तिने पदराने चष्मा पुसला, पुसलेलाच पुन्हा पुसला. "मला माणूस आवडतो गं. पण आवडायला काय, तो पाच ताऱ्यांचा नायकपण आवडलाच होता. वाचनालयाचं पुस्तक अर्ध्यावर परत देता येतं. या वयात हे कुठे परत देऊ? तू आपलं नेहमीचं कर. त्यांच्या तक्रारी काढून आण."

मी हसले. हसता हसता पुस्तक मिटलं. मावशी या खोलीत नाही, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर कधी आलंच नव्हतं.

किल्लीवाल्यांची सून हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या लॉन्ड्रीत इस्त्रीला असते. मला अर्धी सुट्टी होती त्या दिवशी मी तिथे गेले. सगळीकडे वाफ, चादरींचे ढीग, आणि त्यात ही कपाळाला रुमाल बांधून उभी. मी म्हटलं, "मी त्या मावशींची भाची. तुमच्या सासऱ्यांबद्दल विचारायचं होतं. चांगलं नको, काही तक्रार असेल तर सांगा."

तिने इस्त्री उभी केली आणि माझ्याकडे नीट पाहिलं. तक्रारी ऐकून ऐकून माझा चेहराच तसा झाला असावा, कारण लोक माझ्यापुढे आपोआप बोलायला लागतात.

"तक्रार? एक असेल तर सांगू! अहो, घरातली एक वस्तू टाकू देत नाहीत. फुटक्या कपाचा कान चिकटवतात, चिकटवलेला पुन्हा चिकटवतात. सकाळचा पेपर मोठ्याने वाचतात, अगदी हरवले-सापडलेपर्यंत. आणि वाचून झालं की विचारतात, तुला काय वाटतं? आता कोणाची तरी छत्री हरवली, त्यावर मला काय वाटणार? माझी भाजी करपते इकडे! मला यायला उशीर झाला की जेवायचे थांबतात. जेवा म्हटलं तर जेवत नाहीत. सगळ्यांचं जेवण गार. आणि रागावले की भांडत नाहीत हो. भांडले तर बरं. रागावले की तेलाची बाटली घेऊन बिजागऱ्यांना तेल घालत सुटतात. आमच्या घरातलं एक दार वाजत नाही. कोण आलं, कोण गेलं, पत्ता लागत नाही."

ती अर्धा तास बोलली. मध्ये दोन चादरी करपता करपता वाचल्या. शेवटी रुमालाने तोंड पुसून म्हणाली, "न्यायचं असेल तर खुशाल न्या. पण लगेच नको हं. दोन दिवस गावाला गेले होते तर घर खायला उठलं होतं."

बसमध्ये बसायला जागा मिळाली, तरी मला बसवेना. असा एका ताऱ्याचा रिव्ह्यू मी जन्मात ऐकला नव्हता. वाचून दाखवणारा, थांबणारा, चिकटवणारा, न भांडणारा. होडीवाल्या नायकाचा सख्खा भाऊ शोभला असता. मी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं की मावशी टाळी वाजवणार आणि जाणार. मग मी दिवसभर ऐकून घरी येईन, दिवा मीच लावीन आणि पुस्तक उघडून कोणापुढे वाचू?

मावशी दारातच होती. "काय म्हणाली गं?"

"छान आहेत म्हणाली." मी चपला काढायच्या निमित्ताने खाली वाकले. "स्वभावाने प्रेमळ. मनमिळाऊ."

"बरं. आणि तक्रार?"

"काही नाही."

"सुनेला सासऱ्याबद्दल काहीच तक्रार नाही?"

"शेजारच्या चहावाल्यालाही विचारलं. तोही म्हणाला, देवमाणूस."

विचारलं कुठलं! पण रिव्ह्यूच्या बाबतीत मी मावशीशी कधी खोटं बोलले नव्हते, म्हणून ते खपलं. दुसऱ्या एखाद्या घरात एवढ्या कौतुकावर लग्न ठरलं असतं. आमच्या घरात मावशी हळूहळू खुर्चीत बसली, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "मग नकोच. असलं एक आणलं होतं आपण." थोड्या वेळाने म्हणाली, "शेवटी काय निघतं कोण जाणे." मी पुस्तक उघडलं. तिने त्या दिवशी एकदाही 'पुढे?' म्हटलं नाही.

तिने त्यांना नाही म्हणून सांगितलं. नंतर मावशी किल्ली विसरेनाशी झाली. बाहेर पडताना दारात थांबून पर्स चाचपायची, किल्ली हाताला लागली की मान हलवायची आणि मगच दार ओढायची. मी सकाळी निघताना हे बघायची आणि मला माझीच चीड यायची. जिंकले होते ना? मग जिंकल्यासारखं का वाटेना? वाचताना मला जांभया येत आणि तिला येत नसत. ती नुसती खिडकीकडे बघत बसे.

मग एक दिवस किल्लीवाले माझ्या खिडकीवर आले. टोकन घेऊन, रांगेत उभं राहून, आपला नंबर आल्यावर. मी मान वर न करताच विचारलं, "तक्रार काय?"

"गिझर नाही माझ्याकडे," भोकातून आवाज आला.

मी वर पाहिलं. टोपी हातात, बोटांना काळं तेल.

"ताई, तुमच्या मावशींनी मला नाही म्हटलं. त्याचं काही नाही, त्यांची मर्जी. पण कारण विचारलं तर म्हणाल्या, तुमच्याबद्दल कोणी वाईट बोलत नाही. मला ते काही उमगेना. मी घरी जाऊन सुनेला विचारलं. ती म्हणाली, अहो, मी तर त्यांच्यापुढे अर्धा तास वाईटच बोलले." त्यांनी टोपी दुसऱ्या हातात घेतली. "ऐकण्यात काही राहिलं असेल तुमच्या. वाफ फार असते तिथे."

त्यांच्या मागे उभा असलेला माणूस म्हणाला, "अहो आजोबा, आवरा, माझ्या घरात गुडघाभर पाणी आहे." किल्लीवाले बाजूला सरकले नाहीत. भांडलेही नाहीत. फक्त काचेच्या चौकटीवर बोट फिरवून बिजागरी कुठे आहे ते बघत राहिले. मला तिथे, सगळ्या रांगेदेखत, रडू आलं.

"तेवढी तक्रार नोंदवून घ्या," ते म्हणाले.

माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "तुमची तक्रार नोंदवली आहे."

"कधी बघाल?"

"आज," मी म्हटलं. इतकी वर्षं खिडकीवर बसून मी पहिल्यांदा कोणाला दिवस सांगितला.

त्या संध्याकाळी जेवण झालं, मावशीने पुस्तक पुढे केलं. मी ते मिटून बाजूला ठेवलं आणि वाचायच्या आवाजात सुरुवात केली. फुटक्या कपाचा कान. हरवलेली छत्री. तुला काय वाटतं. गार जेवण. एकही शब्द गाळला नाही. मावशी आधी नुसती बघत होती, मग तिची मान एका बाजूला झुकली, ऐकताना झुकते तशी. बिजागऱ्यांच्या तेलाशी आले तेव्हा ती हसली, आणि हसू थांबेना म्हणून तिने पदर तोंडाशी धरला.

"हं. पुढे?"

"पुढे एवढंच, की दोन दिवस नसले तर घर खायला उठतं म्हणाली."

मावशीने पदर खाली केला. खाली रस्त्यावर कोणीतरी शटर ओढलं.

"हे त्याच दिवशी सांगितलं होतं तिने?"

"हो."

"आणि तू मला येऊन सांगितलंस, देवमाणूस."

"हो."

"का गं?"

ओरडली असती तर मीही ओरडले असते. तिने तसं विचारलं नाही. माझी उशी उन्हात टाकली त्या दिवशी जसं काहीच विचारलं नव्हतं, त्याच तोंडाने तिने विचारलं. आणि माझा बांध फुटला.

"का म्हणजे? तू गेलीस तर मी कोणाला वाचून दाखवू? दिवसभर त्या भोकातून लोक माझ्यावर ओरडतात, मावशी. मला कोणी विचारत नाही की पुढे काय झालं. तू एकटी विचारतेस. आणि विचारतेस आणि मध्येच झोपतेस, मग दुसऱ्या दिवशी तेच पान परत वाचायला लावतेस, आणि नायिकेचं चुकलं की मलाच रागावतेस, जसं काही मीच लिहिलंय! मी दमते गं. फार दमते. तरी जिना चढते ते वर दिवा दिसतो म्हणून. आता तो मीच लावायचा? मला नाही जमणार. नको जाऊस."

पन्नाशी उलटलेली बाई मी, आणि नाक पुसायला मला माझा रुमाल सापडेना.

मावशीने तिचा दिला. "एवढी वर्षं लोकांच्या तक्रारी ऐकतेस," ती म्हणाली, "तुझी आज आली."

"मग? राहतेस?"

"नाही. जाणार आहे मी." तिने माझा हात हातात घेतला. "मला तो माणूस हवाय. तुला सांगायला लाजत होते, म्हणून तक्रारी काढायला धाडलं." मग ती खुर्चीत ताठ बसली, एक्स्चेंजमध्ये बसत असेल तशी, आणि माझ्याच आवाजात म्हणाली, "तुमची तक्रार नोंदवली आहे, बाई. माणूस येईल."

मला संतापच आला. ते वाक्य मी दिवसभर म्हणते, त्यातलं खरं किती असतं ते मला नको सांगायला कोणी.

ती गेली. लग्न साधंच झालं, सुनेने चादरीसारखी कडक इस्त्री केलेला सदरा किल्लीवाल्यांना घातला होता. मावशीची बॅग मीच खाली पोचवली. दुसऱ्या दिवशी खिडकीवर नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती आणि मला ती बरी वाटली. संध्याकाळी जिन्याच्या तोंडाशी उभी राहून मी वर पाहिलं. अंधार. वर जाऊन दिवा लावला, ब्रेड खाल्ला, पलंगावर बसले. सवयीने फोन काढला. कोणीतरी कुठल्यातरी पुस्तकाला पाच तारे दिले होते, मनाला भिडली म्हणे. मी फोन पालथा घातला.

बेल वाजली.

दारात मावशी, कठडा धरून धापा टाकत, काखेत वाचनालयाचं पुस्तक. दोन पायऱ्या खाली किल्लीवाले, हातात तेलाची बाटली, नजर आमच्या दाराच्या बिजागरीवर.

"तक्रार इथूनच आली होती ना?" मावशी म्हणाली.

अशा वेळी खिडकीवरची माणसं काय म्हणतात ते आठवून मी म्हटलं, "किती उशीर केलात."

"जिने किती आहेत ते बघ की," ती म्हणाली, मला बाजूला सारून आत आली आणि आपल्या खुर्चीत बसली. "हं. पुढे?"